नाजिया मॅडमचा निरोप

१

वाघझरीच्या प्राथमिक शाळेत त्या रविवारी जे घडलं, ते पोलिसांत देण्यासारखं नव्हतं. चोरी नाही, मारामारी नाही. सकाळी दहा वाजता त्रेचाळीस घरच्या माणसांनी शाळेत यायचं होतं आणि साडेअकरा झाले तरी त्यांतलं कोणीही आलं नाही, एवढंच.

मुख्याध्यापक धर्मपाल नगराळे आठ वाजताच घाटंजीहून येऊन बसले होते. दिवाळीची सुट्टी, त्यामुळे शाळेत कोणी नाही. सरांनी स्वतः झाडू मारला, सतरंज्या अंथरल्या, शेवंतीचे हार पाणी शिंपडून टेबलावर ठेवले. मध्ये कोणाचा फोन नको म्हणून आपला मोबाइल बंद करून खिशात टाकला. शाल होती, नारळ होता. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या नाजिया मॅडम समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर घडी घातलेला कागद घेऊन.

अकरा वर्षं त्या इथे पहिली-दुसरी शिकवत होत्या. पावसाळ्यापासून त्यांचा आवाज बसला. पोरांना वाटलं मॅडमला सर्दी झाली. डॉक्टरांना तसं वाटलं नाही. येत्या गुरुवारी नागपूरला त्यांचं ऑपरेशन होतं आणि त्यात स्वरयंत्रच काढून टाकणार होते. नंतर जगणं होतं, बोलणं नव्हतं. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक: त्या स्वतः, घाटंजीत गॅरेज चालवणारा त्यांचा नवरा जमीर आणि सर. "आधी कोणाला सांगू नका सर," त्या म्हणाल्या होत्या, "रडत घरी येतील. रविवारी मीच सांगेन माझ्या तोंडानं. तेवढं बोलू द्या मला."

पावणेअकराला त्या उठून खिडकीशी गेल्या. शाळेपासून हाकेच्या अंतरावर पाण्याची टाकी आहे, तिथला उंचवटा खिडकीतून नीट दिसतो. त्या उंचवट्यावर गाव उभं होतं. बाया, बापे, कडेवरची पोरं, सगळे. शाळेकडे पाठ करून.

"मी बोलावून आणतो," सर तरातरा निघाले.

"नको सर." मॅडमचा आवाज घोगरा होता, पण वर्गात असायचा तसाच ठाम. "बोलावून आलेले नकोत मला."

साडेअकराला जमीरने मोटारसायकल सुरू केली. मॅडमनी कागद पर्समध्ये टाकला, शाल-नारळ घेतले नाहीत. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं. तिकडचं कोणीच इकडे बघत नव्हतं.

२

नगराळे सर रागीट नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी डोक्यात राख घालून घेतली. खिशातला फोन सोमवारपर्यंत बंदच ठेवला. सोमवारी सुरू केला तो तपासासाठी.

सरांना तपासाची हौस जुनी. शाळेचा पृथ्वीगोल कोणी नेला, वहीवर बापाची सही कोणी ठोकली, असली प्रकरणं त्यांनी चुटकीसरशी सोडवली होती. त्यांनी आधी पुरावा पाहिला. मोबाइलवर 'पालक गट' होता. दर रविवारी दहा वाजता सर त्यात शाळेची सूचना टाकत आणि निम्म्या पालकांना वाचता येत नाही म्हणून तीच आपल्या आवाजात वाचूनही पाठवत. लोकांनी फुलं आणि सुप्रभात टाकून वैताग आणल्यावर त्यांनी गट असा करून ठेवला होता की फक्त शाळेनेच लिहायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शुक्रवारी टाकलेली सूचना जशीच्या तशी होती:

"सूचना : येत्या रविवारी सकाळी ठीक १० वाजता नाजिया मॅडमचा निरोप. कोणीही चुकवू नये. — मुख्याध्यापक."

यात एक शब्द जास्त नाही की कमी नाही, असं सरांचं मत होतं. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, त्याचं असं मत असणारच. खाली पाहिलेल्यांची यादी होती. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस.

म्हणजे कळलं नाही, ही सबब गेली. कळलं होतं, आणि आले नव्हते.

सरांना हा गट करून देणारा माणूस म्हणजे मोबाइल दुकानवाला मोईन. सर त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसले.

"मोईन, शुक्रवारची सूचना तू ऐकलीस?"

"ऐकली ना सर. शाळेचा निरोप आला का पहिले मीच स्पीकर लावून ऐकवतो लोकायले. ज्यायच्याकडे फोन नाही ते दुकानात येऊन ऐकतात."

"मग?"

"मग काय. शनिवारी संध्याकाळी दुकानात पाय ठेवाले जागा नव्हती. सारं गाव रिचार्ज माराले आलतं. उकंडाबुवानं तं नवीन बॅटरी टाकून नेली."

"आणि रविवारी तू कुठे होतास?"

मोईन हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहत राहिला. "टाकीवर. सगळे होते म्हनून आपनही होतो."

"कशाला?"

"आता काय विचारता सर. झालं ते झालं. सगळ्यायचा दिवस वाया गेला, तुमाले काय सांगायचं." त्याने मान खाली घातली आणि एक उघडलेला फोन पुन्हा उघडायला घेतला.

सरांनी खिशातल्या वहीत लिहिलं: 'मोईन नजर चुकवतो. शनिवारी जमवाजमव. कोणाची?' मॅडमच्या आजाराचं तोंडातून निघू नये म्हणून ते समारंभाचं नावच काढत नव्हते. वचन दिलं होतं ना.

३

कोणाची, ते सरांनी मनाशी ठरवलेलंच होतं. शाळा समितीचा अध्यक्ष खेमसिंग राठोड.

पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली मॅडमनी त्याचा पाणउतारा केला होता. त्याची मुलगी आठ दिवस शेतात निंदणावर होती. चारचौघांत त्या म्हणाल्या, "खेमसिंगभाऊ, तुम्ही अध्यक्ष, आणि तुमचीच मुलगी वर्गात नाही." खेमसिंग तडक निघून गेला. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली, पण बाप महिनाभर शाळेच्या वाटेला फिरकला नाही.

सरांनी त्याला वावरातच गाठलं. कापूस फुटून पांढरा झाला होता आणि घरची चौघं ओळीने वेचत होती.

"रविवारी टाकीवर लोकांना कोणी जमवलं?" सरांनी रामराम न घालता विचारलं.

"मीच. काहून?"

एवढ्या सरळ उत्तराची सरांना सवय नव्हती. "तू?"

"घरोघरी जाऊन आवाज देल्ला. एक घर सोडलं नाही. वेचनीवर जानार होते त्यायलेही थांबवलं."

"मॅडमवर एवढा राग, खेमसिंग?"

खेमसिंगने कमरेला बांधलेली कापसाची झोळी सोडली, कापूस ढिगावर रिकामा केला. "राग नाही येनार काय सर? ऐन वेचनीत एका दिवसाचं काम सोडून मानसं उन्हात उभी केली म्या. मॅडमनं असं कराले नोको होतं. आमी अडानी असू, पन आमची काही किंमत नाही काय?"

म्हणजे ऑगस्टमधली गोष्ट. तीन महिने जपून ठेवलेली. सरांना ओरडून सांगावंसं वाटलं की अरे बाबा, ती बाई तुझ्याच पोरीसाठी बोलली होती, आणि आता ती कोणासाठीच बोलू शकणार नाही. ते गिळून सर शेताच्या धुऱ्यावरून परत निघाले. गुन्हेगाराने कबुली दिली होती. पृथ्वीगोलाच्या वेळी सुद्धा इतकं सोपं गेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी वरच्या साहेबांना पाठवायला खेमसिंगविरुद्ध तक्रारीचा मसुदा केला. तो अर्धा झाला असतानाच जमीरचा फोन आला. ते नागपूरला पोचले होते.

"सर, ती जेवत नाही. पालकांचा गट सोडला तिनं काल. तुमच्याशी बोलायचं म्हणते."

फोनवर थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तो घोगरा आवाज. "सर, अकरा वर्षांत माझं काहीतरी चुकलं असेल. सगळं गाव पाठ फिरवतं म्हणजे चुकलंच असेल. ते काय, एवढं शोधून कळवा. गुरुवारी दहाला नेणार आहेत आत. त्याच्या आधी कळलं तर मी फोनवरून माफी मागेन त्यांची. अजून आवाज आहे माझा."

सरांना सांगायचं होतं, चूक तुमची नाही, खेमसिंगची आहे. पण एका खेमसिंगच्या रागापायी त्रेचाळीस घरं उठून जातील? ज्यांच्या पोरांच्या नाकाचा शेंबूड या बाईनं आपल्या ओढणीनं पुसला, ती घरं? पहिल्यांदाच त्यांना आपला तपास कच्चा वाटला.

"कळवतो," ते म्हणाले. मसुदा त्यांनी पूर्ण केला नाही.

४

बुधवारी सर तुळसाबाईंकडे गेले. वैष्णवी नावाच्या दुसरीतल्या मुलीची ही आजी. मुलीचे आईबाप पुण्याला कामावर, घरात या दोघीच. तुळसाबाई खोटं बोलत नाहीत अशी गावात ख्याती होती, आणि मॅडमवर त्यांचा जीव होता. त्याच जर टाकीवर उभ्या होत्या, तर कारण त्यांनाच विचारायला हवं होतं. मी येतोय असं सरांनी मोईनकडून कळवून ठेवलं होतं.

"या सर, बसा. मोईननं तुमचा निरोप देल्ला म्हून थांबली घरी, नाहीतं वावरात जानार होती."

सर ओसरीवर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुळसाबाई, मी आडून विचारणार नाही. रविवारी दहाला तुम्ही शाळेत का नाही आलात?"

"शाळेत?" म्हातारी गोंधळली. "शाळेले तं सुट्टी होती जी. शाळेत कायले येऊ?"

"मग टाकीवर कशाला गेलात?"

"रेंज तिथंच भेटते ना. घरात फोन लागते कुठी?" तिने कनवटीला रुमालात बांधलेला फोन काढून दाखवला. "दहाले मॅडमचा निरोप येनार होता. चुकवू नका म्हने. तुमीच तं सांगतलं सर, तुमच्याच आवाजात. खेमसिंग घरोघरी आला, म्हने मॅडम कधी नाही ते स्वतः निरोप धाडून राह्यली, काही मोठं काम असंन, साऱ्यायनं ऐकला पायजे. आमी नऊ वाजल्यापासून फोन हाती धरून उभे. दहा झाले, अकरा झाले. पोट्टे उन्हानं रडाले लागले. एक वाजेपर्यंत थांबलो, पन निरोप आलाच नाही. मॅडमले फोन लावला तं लागला नाही, तुमाले लावला तं बंद." मग ती हळूच म्हणाली, "आमचं काही चुकलं काय सर? मॅडम नाराज हायेत काय आमच्यावर?"

सरांनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं.

आता एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसली. शनिवारचं रिचार्ज. उकंडाबुवाची बॅटरी. शाळेकडे पाठ, कारण रेंज पलीकडच्या अंगानं येते, आणि सगळ्यांच्या माना हातातल्या फोनवर. खेमसिंगचा राग, तो ऑगस्टचा नव्हता, रविवारचा होता: गावाला उभं करून मॅडमनी निरोप धाडला नाही, याचा. या मुलुखात निरोप म्हणजे सांगावा. लग्नाचा निरोप येतो, मयताचा निरोप येतो, शाळेचा निरोप येतो. निघून जाणाऱ्याला सोडायला जमणं, त्याला ओवाळणं, त्यालाही निरोपच म्हणतात, पण ते पुस्तकात आणि शहरात. सरांनी पुस्तकातला शब्द लिहिला होता आणि गावानं आपला वाचला होता. सोबत 'शाळेत' एवढा एक शब्द असता तरी भागलं असतं. तो सरांना फालतू वाटला होता.

आणि ज्यांना विचारायचं होतं, कोणता निरोप म्हणून, त्यांची तोंडं गटात सरांनीच बंद केली होती.

दोन बाजूंना दोन वाट पाहणारे, मध्ये हाकेचं अंतर. मॅडम गावाची वाट पाहत होत्या आणि गाव मॅडमच्या आवाजाची. गुन्हेगार सापडला होता. तो तुळसाबाईंच्या ओसरीवर बसला होता.

५

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. फोन खिशात होता. टाकीपर्यंत दीडशे पावलं चालायचं, रेंज घ्यायची आणि जमीरला लावायचा, एवढंच काम.

सर टाकीवर गेले. नंबर काढला. आणि मग त्या माणसाला, सगळ्या तालुक्यात शुद्धलेखनासाठी नावाजलेल्या माणसाला, लाज वाटली. काय सांगणार? की मॅडम, तुमचं काही चुकलं नाही, मला मराठी आलं नाही? त्यांनी तीन वेळा मजकूर लिहिला, तीन वेळा खोडला. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते, समोर बसून सांगावी, असं त्यांनी स्वतःला पटवलं. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघालं तर साडेनऊला नागपूर. दहाला नेणार म्हणाले आहेत. अर्धा तास मिळतो. अर्ध्या तासात ती गावाशी पोटभर बोलेल. हिशेब बरोबर होता, आणि त्यांना तो बरोबर असायलाच हवा होता.

गुरुवारी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ते दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले. जमीर बाकावर एकटाच बसला होता, मांडीवर बायकोची चप्पल घेऊन.

"आत नेलं सर. आठलाच. पहिल्या नंबरचा पेशंट आला नाही, म्हणून हिला आधी घेतलं."

सर त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"काल संध्याकाळपासून विचारत होती, सरांचा फोन आला का. सकाळी स्ट्रेचरवरही विचारलं." जमीर चपलेची पट्टी सरळ करत होता. "मी म्हटलं, नाही आला. मग काही बोलली नाही. शेवटी काय बोलली, ते आठवतच बसलोय मघापासून. तेवढंच बोलली वाटतं, सरांचा फोन आला का."

६

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी सरांना भेटू दिलं. मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याभोवती पट्टी, पट्टीच्या मधोमध श्वासाचं छिद्र. हाताशी पाटी आणि पेन्सिल होती, पहिलीतल्या मुलांची असते तशी.

सरांनी सगळं सांगितलं. रिचार्ज, टाकी, खेमसिंग, तुळसाबाई, शब्द. काही राखलं नाही. शेवटी म्हणाले, "आणि हे मला बुधवारी दुपारी दोन वाजता कळलं होतं."

मॅडमनी पाटीवर लिहिलं: सगळे होते?

"सगळे. एक वाजेपर्यंत."

मॅडम रडल्या. रडण्याचा आवाज येत नव्हता, छिद्रातून हवा तेवढी जोरात ये-जा करत होती. ते पाहवत नव्हतं. जमीर उठून बाहेर गेला.

मग त्यांनी खुणेनं पर्स मागितली. आतला घडीचा कागद काढला, त्यातला वरचा अर्धा भाग पेनानं खोडला आणि सरांपुढे धरला. पाटीवर लिहिलं: आजाराचं सांगू नका अजून. बाकीचं वाचा. आज रविवार आहे.

सरांनी गट उघडला. आधी त्यांनी तो सगळ्यांना बोलता येईल असा करून टाकला. मग घसा साफ करून, बटण दाबून वाचलं: "मॅडमचा निरोप आहे, मी वाचतो. 'माझ्या घरच्या माणसांनो, मी काही दिवस येणार नाही. जोडाक्षरांना घाबरायचं नाही, मुलांना सांगा, तोडून वाचलं की येतात. वैष्णवीला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, तिला खिडकीच्या बाजूला बसवू नका, पुढे बसवा. खेमसिंगभाऊ, तुमची मुलगी गणितात तुमच्यावर गेली आहे, तिला थांबवू नका. मी कोणावर रागावले नाही. कधीच रागावले नव्हते.'"

दहा वाजून गेले होते, दर रविवारच्या सूचनेची वेळ. पाच मिनिटांत तुळसाबाईंचा आवाज आला. सरांनी सवयीनं बटण दाबलं आणि तो खोलीत मोठ्यानं वाजला.

"सर, हा तं तुमचा आवाज हाये जी. मॅडमले द्या ना फोन. आमी साऱ्या जनी टाकीवर उभ्या हावो. दोन शब्द बोलू द्या तिले."

सरांनी फोन पालथा घातला. मॅडमनी हात पुढे केला. सरांनी मान हलवली, नको म्हणून. हात तसाच राहिला.

मॅडमनी फोन घेतला, बटण दाबून तोंडाजवळ नेला. ओठ हलले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, त्यांनी तो खाली गळ्याशी, छिद्राजवळ आणला. नऊ सेकंद धरला आणि सोडला. त्यात आत जाणारा श्वास होता, बाहेर येणारा श्वास होता, आणि बाहेरच्या ट्रॉलीच्या चाकांचा आवाज.

तिकडून एका लहान मुलीचा आवाज आला, फोन दोन्ही हातांनी तोंडाला लावून बोलावं तसा, जवळचा.

"मॅडम, मी वैष्णवी. मले ऐकू नाही आलं. परत सांगा ना."

नाजिया मॅडमनी ओढणी सावरली, ताठ बसल्या, आणि पुन्हा बटण दाबून धरलं.